अंगणातील सावलीसाठी करंज



मे महिन्यात घराचा पत्रा तापला की अंगणात एखादे झाड हवे होते, असे वाटते. मग पाऊस पडताच, लवकर वाढतो म्हणून आपण गुलमोहर लावतो. परंतु त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असते. भिवंडीकडील पावसात जमीन भिजून मऊ होते. त्यात वारा सुटला म्हणजे फांदी घरावर किंवा गोठ्यावर कोसळू शकते. म्हणून झाड निवडताना आधी पावसाळ्याचा विचार करावा.

आपल्याकडे यासाठी करंज चांगला. त्याची मुळे खोल जातात. भातखाचराजवळची ओल व खाडीकाठची खारवट जमीन तो सोसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळतात; पण लगेच नवी पालवी फुटते व मे महिन्यात दाट सावली मिळते. शिवाय बियांपासून तेल आणि खतासाठी पेंड मिळते.

मे महिन्यात 2 फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तापू द्यावा. माती व कुजलेले शेणखत भरून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. दुपारचे ऊन अडावे म्हणून जागा घराच्या पश्चिमेस, भिंतीपासून सुमारे 20 फूट दूर निवडावी. वर विजेच्या तारा नसाव्यात. रोपाला काठीचा आधार व कुंपण करावे आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे.

सावलीसाठी काही वर्षे थांबावे लागेल. पण वाऱ्या-पावसाच्या रात्री झाडाची धास्ती राहणार नाही.