सनदी शाळा आणि गावाचे मत
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



या सभेत शाळेविषयी चार शब्द बोलावे अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. धर्मग्रामाच्या शाळेची स्तुती इतर वक्ते करतीलच, व ती आम्हांपेक्षा सरस करतील. आम्ही आपले लक्ष जरा दूर, अमेरिकेकडे, नेऊ इच्छितो. शाळा काढण्यापूर्वी गावाची संमती घ्यावी की नाही, हा प्रश्न तेथे मतपेटीपर्यंत गेला आहे. आणि वेगळ्या रूपाने तो आपल्याही दाराशी उभा आहे.

तेथे चार्टर शाळा, म्हणजे सनदी शाळा, म्हणून एक प्रकार आहे. खर्च सरकारी, फी नाही, प्रवेश सर्वांस खुला. जागांहून अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकतात. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे, ठराविक मुदतीच्या सनदेने. कबूल केलेले काम न झाल्यास सनद काढून घेता येते. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला व पुढल्याच वर्षी सेंट पॉल शहरी पहिली शाळा उघडली.

न्यू हॅम्पशर राज्याने १९९५ साली कायदा केला तेव्हा एक विलक्षण अट घातली. स्थानिक शाळामंडळाची मान्यता, नंतर राज्यमंडळाची मान्यता, आणि एवढे झाल्यावर त्या शाळाक्षेत्रातील मतदारांची मंजुरी. तेथे वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही; शाळांचा मोठा भार घरजमिनीच्या करावर पडतो. तेव्हा मत मागणाऱ्यास शेजाऱ्यापुढे उभे राहून सांगावे लागे की, तुझ्या करातील काही पैसा जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे जाईल, आणि तरीही तू हात वर कर. २००३ पर्यंत या मार्गाने एकही शाळा उघडली नाही. त्या वर्षी कायदा बदलून राज्यमंडळास थेट परवानगीचा अधिकार मिळाला, आणि मग शाळा निघू लागल्या. कित्येक म्हणतात, मतदार आडमुठे होते. आम्हांस तसे वाटत नाही. सर्व ठरवून झाल्यावर शेवटी ज्यास विचारले जाते, तो बहुधा नकारच देतो. आपल्या ग्रामसभांचा अनुभव ज्याचा त्याने आठवावा.

वॉशिंग्टन राज्याची कथा याच्या उलट. तेथील मतदारांनी १९९६, २००० व २००४ साली सनदी शाळा नाकारल्या, आणि २०१२ साली निसटत्या बहुमताने स्वीकारल्या. परंतु २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. कारण असे की, या शाळांची मंडळे नेमलेली असतात, लोकांनी निवडलेली नसतात. म्हणून सामान्य शाळांसाठी राखलेला पैसा त्यांस देता येत नाही. पुढे विधिमंडळाने निराळ्या निधीची तजवीज केली, तेव्हा कोठे त्या तगल्या. एकदा मत मिळाले म्हणजे सर्व कार्य झाले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. ओक्लाहोमा राज्यातील दोन कॅथलिक धर्मप्रांतांनी सेव्हिलच्या संत इसिदोर यांच्या नावाने आंतरजालावरून शिकविणारी सनदी शाळा योजिली. २०२३ साली संबंधित मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती मान्य केली. २०२४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नामंजूर केली. आणि २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते चार-चार अशी समान पडल्याने तोच निकाल कायम राहिला. वकिलांनी पुष्कळ खल केला. पण त्याच राज्यातील मतदारांस २०१६ साली विचारण्यात आले होते की, सार्वजनिक पैसा धर्मकार्यास देण्याची बंदी संविधानातून काढावी काय? शेकडा सुमारे ५७ मतदारांनी 'नाही' म्हटले होते. त्यांचे मन न वळविता न्यायालयाची पायरी चढणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही, मग हेतू कितीही पवित्र असो.

भारतात आम्हांस ही चिंता नाही. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क अल्पसंख्याकांस संविधानाच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे; अनुदान देताना व्यवस्थापन अल्पसंख्याकांचे आहे म्हणून भेद करण्यासही तेथेच मनाई आहे. हा हक्क मतांवर अवलंबून नाही, हे ईश्वराचे उपकारच. परंतु सरकारपुढे जो हक्क ढालीसारखा धरावयाचा, तो पालकांपुढे धरू नये.

शाळेचे मराठी माध्यम ठेवावे की इंग्रजी करावे, अशी कुजबुज धर्मग्रामात चालली आहे. आमची विनंती एवढीच की, काही ठरण्यापूर्वी, ठरल्यानंतर नव्हे, पालकांची सभा बोलवावी. गेल्या दहा वर्षांची पटसंख्या इयत्तावार वाचून दाखवावी, जमाखर्च मांडावा, मराठी शिक्षकांचे पुढे काय होईल ते स्पष्ट सांगावे. आणि पाड्यांवरून चालत येणाऱ्या मुलांच्या आईबापांस, ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत, पुढल्या बाकांवर बसवून प्रथम त्यांचे मत घ्यावे.