समोर माणूस नाही, प्रोग्राम आहे



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकड्यांशी रोजचा संबंध, म्हणून शेअर बाजार आपल्याला जमेल असं वाटलं. आधी शेअर घेऊन ठेवायचो. मग एका मित्राने ऑप्शन दाखवले. आठ महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. त्यात अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसेही होते. नमाजला उभा राहिलो तरी डोळ्यांपुढे चार्ट हलायचा.

मी स्वतःला समजावायचो, 'व्यापार हलाल आहे आणि जोखीम कुठल्या धंद्यात नसते?' खरंच आहे. आंबेवालाही जोखीम घेतो. पण त्याच्या हातगाडीवर आंबे असतात! निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये कुठलाच शेअर माझ्या नावावर होत नाही. निर्देशांक वर जाईल की खाली, एवढ्यावर पैसे लागतात आणि हिशोब रोखीत मिटतो. माझा नफा तो समोरच्याचा तोटा. ब्रोकरेज आणि कर दोघांनाही भरावे लागतात.

सूरह माइदामध्ये जुगाराची मनाई आहे आणि कारणही दिलं आहे: तो वैर पेरतो, नमाजपासून रोखतो. ते मी भोगलं आहे. ऑप्शनबद्दल तर जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने 1992 मध्येच हे करार जायज नाहीत असा निर्णय दिला.

काही जण म्हणतात, सट्टेबाजांमुळे बाजारात गिऱ्हाईक पटकन मिळतं. मिळतं. पण त्याची किंमत कोण मोजतं? सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सनी पैसे गमावले; एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. मोठ्या संस्थांचा बहुतेक नफा अल्गोरिदमने कमावलेला. म्हणजे मोबाइल घेऊन बसलेल्या आपल्यासमोर माणूस नाही, प्रोग्राम आहे. मी स्वतः प्रोग्राम लिहितो, तरी हे मला उशिरा कळलं.

आणखी एक. शरिया निर्देशांकाची यादी कंपनीचा धंदा आणि कर्ज तपासते. तुम्ही व्यवहार कसा करता, ते ती तपासत नाही. यादीतल्या शेअरवरही सट्टा खेळता येतो.

म्हणून बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या मालकीचं काय होतंय? ही कंपनी काय करते, मला माहीत आहे का? हे पैसे बुडाले तर घरात कोणाचं काय अडेल?

अम्मीचं ऑपरेशन सात महिने उशिरा झालं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

वस्सलाम.