पाचव्या खेपेपर्यंत



पत्रिकेत आजचा विषय ‘वर्तनविज्ञान आणि सार्वजनिक धोरण’ असा छापला आहे. तो मी एका किलो डाळीवरून सांगणार आहे.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आदिवासींची विखुरलेली वस्ती आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे शंभरातल्या जेमतेम सहा मुलांचं लसीकरण पूर्ण होत असे. लस सरकारी, फुकट, आणि तरी ही अवस्था. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: लोक अडाणी आहेत, दृष्ट लागेल म्हणून तान्ह्या मुलाला वर्षभर बाहेर काढत नाहीत, आधी त्यांच्या समजुती बदला. हे उत्तर मला फार वर्षं सलत आलं आहे. ते देणाऱ्याला स्वतःचं काहीच बदलावं लागत नाही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या तिथल्या संस्थेबरोबर १३४ गावांत हा प्रश्न धसाला लावायचं ठरवलं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर; पुढे २०१९ साली बॅनर्जी आणि डुफ्लो या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या या प्रयोगाआधी याच जिल्ह्यात एक पाहणी झाली होती. सरकारी उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळा बंदच आढळली. मूल कडेवर घेऊन, मजुरी बुडवून, डोंगर उतरून आलेल्या बाईला दाराला कुलूप दिसतं. दोनदा असं झालं तर तिसऱ्यांदा ती का येईल? म्हणून काही गावांत पहिली गोष्ट केली ती एवढीच: महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नर्स गावातच येणार म्हणजे येणार. त्या गावांत सहाचे अठरा झाले. कुणाच्या समजुतीला हातही न लावता तिप्पट.

आणखी काही गावांत नर्सच्या याच मासिक शिबिराला डाळीची जोड दिली. प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की जेवणाच्या ताटांचा संच. डाळ तेव्हा चाळीसेक रुपयांची, एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी. तिथे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं.

आता या आकड्यांच्या आत डोकावू या, कारण खरी गोष्ट तिथे आहे. निदान एक तरी लस घेतलेली मुलं डाळीच्या आणि बिनडाळीच्या शिबिरांत जवळजवळ सारखीच होती. शिबिर नव्हतं त्या गावांतही सुमारे निम्म्या मुलांनी एखादी लस घेतली होतीच. म्हणजे आईबापांचा लसीला विरोध नव्हता. तेव्हा लसीकरणाच्या पाच खेपा होत्या: जन्मानंतरची बीसीजी, मग ट्रिपलच्या तीन खेपा, नवव्या महिन्यानंतर गोवर. माणसं सुरुवात करत आणि मध्येच सुटत. ताप येऊन मूल रात्रभर रडतं ते आज. गोवर झाला नाही याचं सुख कधी डोळ्यांना दिसत नाही. मग ‘पुढच्या महिन्यात नेऊ’ होतं. मधुमेहाची तपासणी पुढे ढकलणाऱ्या आपल्या घरांत तरी वेगळं काय घडतं? डाळीनं कुणाचं मत विकत घेतलं नाही. ‘पुढच्या महिन्यात’चं ‘आज’ केलं.

डाळ म्हणजे लाच, असा आक्षेप तेव्हाही होता आणि कदाचित या सभागृहातही असेल. लाच आपल्याला नको ते करायला लावते. इथे आईला जे हवंच होतं, त्याची वाट सोपी झाली. शिवाय हिशेब पाहा. लसीकरण पूर्ण झालेल्या एका मुलामागे डाळीशिवाय सुमारे २,२०० रुपये लागले, डाळीसकट १,१००. नर्सचा पगार दोन्हीकडे तोच, पण समोर मुलं दुप्पट.

दोष माणसाच्या अडाणीपणाचा नसतो, याचा दुसरा दाखला तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांचा आहे, आणि तो आपल्या ऊसपट्ट्यातल्या कुणालाही कळेल. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी ४६४ शेतकऱ्यांना एकाच प्रकारची कोडी दोनदा घातली: तोडणीआधीच्या ओढगस्तीत, आणि नंतर पैसा हाती आल्यावर. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. त्याच माणसाला नंतर जास्त कोडी सुटली. शिक्षण तेच, डोकं तेच. आधी ते डोकं उधारी-उसनवारीत गुंतलेलं होतं. योजनेच्या अर्जाची तारीख ठरवताना, त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात पैशाची ओढाताण असते का, असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ते विचारायला हवं, आणि अर्ज भरणाऱ्याच्या चुका मोजण्याआधी विचारायला हवं.

आता परत उदयपूरकडे. तिथल्या ३९ टक्क्यांवर कुणी समाधान मानू नये. वेळेवर येणारी नर्स आणि वर डाळ, एवढं करूनही शंभरातल्या एकसष्ट मुलांचं लसीकरण पूर्ण झालंच नाही. पुढे हरियाणात सात जिल्ह्यांत निरनिराळे उपाय ताडून पाहिले. त्यांतल्या एका उपायात गावकऱ्यांनाच विचारलं होतं: गावभर एखादी बातमी पोचवायची तर ती कुणाला सांगावी? ज्यांची नावं पुढे आली त्यांच्या फोनवर लसीकरणाचे निरोप जात राहिले, आणि पालकांना आठवण देणारे संदेश वेगळे. खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे सर्वांत जास्त लसी या दोन उपायांच्या जोडीमुळे टोचल्या गेल्या.