माळ ओसाड नसतो



कर्जत तालुक्यातून वाहणारी पोशीर नदी पुढे उल्हास नदीला मिळते. तिच्या काठी भातखाचरे आहेत; वरच्या उतारांवर वरकस जमीन आणि गवताळ माळ आहेत. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतांशी चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने कातळावरील पातळ मुरमाड थर तापत राहतो. पावसाचा मारा आणि दीर्घ कोरड ही दोन्ही सोसणारे आच्छादन म्हणजे येथील गवत होय.

दप्तरी मात्र अशा जमिनीची गणना बहुधा पडीक म्हणून होते आणि वृक्षारोपणासाठी प्रथम तीच निवडली जाते. खड्डे खोदताना गवताची मुळे उखडतात; पाण्याअभावी रोपे वाळली की उघडी माती पुढच्या पावसात वाहून जाते. मोकळ्या जागेत घाणेरी व रानमोडी शिरते. गुरांचा चारा त्यामुळे कायमचा घटतो. जेथे पूर्वी वन होते तेथे झाडे अवश्य लावावीत. परंतु माळाला माळ म्हणूनच राखणे, हेही संवर्धनच आहे.

मारवेल, पवना व डोंगरी ही चाऱ्याची उत्तम गवते. कुसळीचे बी ओलाव्याने पीळ सोडून स्वतःच जमिनीत शिरते. मात्र कुसळे गुरांच्या तोंडाला बोचत असल्याने ती येण्यापूर्वीच हे गवत कापावे. तेरडा आणि कुर्डू ही गवते नसली तरी माळावर उगवतात. कुर्डूची कोवळी पाने कातकरी व ठाकूर कुटुंबांच्या पावसाळी आहारात असतात.

शाळेच्या आवारातील उन्हाच्या, कोरड्या जागेत हीच गवते लावणे सोयीचे ठरते. एकदा रुजल्यावर त्यांना उन्हाळी पाण्याची गरज नसते. कापणीच्या वेळी माळाचा एक भाग बी पक्व होईपर्यंत राखावा. गोळा केलेले बी सावलीत वाळवून पुढील पावसाळ्यापर्यंत कोरडे ठेवावे. ताजे बी पुष्कळदा उगवत नाही. पहिल्या पावसानंतर ते ओलसर मातीत मिसळून वरच्यावर पेरावे, खोल पुरू नये. पहिल्या वर्षी तेथे चराई बंद ठेवावी आणि उन्हाळ्यापूर्वी वणव्यापासून रक्षणासाठी जाळरेषा काढावी.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तिच्यात माळावरील गवतांची नावे, ती जाणणाऱ्या वृद्धांच्या व गुराख्यांच्या साहाय्याने, शाळेतील मुलांनी नोंदवावीत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी घोषित केले आहे. ग्रामपंचायतीने खड्ड्यांची संख्या ठरविण्याआधी त्या जागी काय उगवते हे पाहिले, तरी पुष्कळ माळ वाचतील.