‘मजेत आहे’

बंगळूर शहराच्या पूर्वेकडील इंदिरानगर ही वसाहत महाराष्ट्रातील पुष्कळांना २०२१ साली एका जाहिरातीमुळे ठाऊक झाली. मराठी घरात वाढलेले आणि संयमाबद्दल क्रिकेटच्या जगात नावाजलेले राहुल द्रविड त्या जाहिरातीत वाहनांच्या गर्दीत अडकून संतापतात, आरडाओरडा करतात आणि आपण इंदिरानगरचे गुंड आहोत असे जाहीर करतात. लोक पोट धरून हसले. हसण्याचे कारण उघड होते. हा मनुष्य असा असूच शकत नाही, अशी सर्वांची खात्री होती. विनोद म्हणून हे सारे ठीकच. परंतु शांत चेहऱ्यामागे शांतताच असणार, हा जो समज त्या हसण्याच्या मुळाशी होता, तो विनोदाच्या बाहेर मात्र फार महागात पडतो.

याच वसाहतीत पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा गावांहून नोकरीसाठी आलेली मराठी मंडळी भाड्याच्या घरांतून राहतात. त्यांपैकी एखाद्या तिशीतल्या गृहस्थाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कामात चोख, वक्तशीर, कचेरीत चार माणसांना हसविणारा. रविवारी गावाहून आईचा फोन येतो. “कसा आहेस रे? जेवलास का?” “मजेत आहे, आई. तू बरी आहेस ना?” फोन खाली ठेवल्यावर हा गृहस्थ तासभर त्याच खुर्चीत बसून राहतो. पहाटे तीनला त्याला जाग येते, ती पुन्हा झोप न लागण्यासाठीच. आवडीची पुस्तके महिनोन् महिने उघडलेली नाहीत. अंघोळ करून, दाढी करून घराबाहेर पडणे हेच त्याचे दिवसातले सर्वांत अवघड काम असते, आणि ते तो रोज न चुकता पार पाडतो. जगाला दिसते ते फक्त हे पार पाडणे.

मराठीत ‘कसे काय?’ या प्रश्नाला ‘मजेत’ हे उत्तर ठरून गेले आहे. खरे म्हणजे तो प्रश्नच नव्हे. ती उंबरठ्यावर पाऊल ठेवण्याची एक रीत आहे. मुलगा जेवला, कामावर गेला, पैसे पाठविले, म्हणजे तो सुखी आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपण त्याच्या कर्तव्यांची चौकशी केलेली असते, त्याची नव्हे.

वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्याचा आजार म्हणते, तो साध्या उदासपणाहून निराळा आहे. निदान दोन आठवडे, जवळजवळ दररोज, मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटेनाशी होते. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडते, थकवा येतो, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, कधी मरणाचे विचारही येतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात एक मार्मिक नोंद आहे. आजार सौम्य असेल, तर माणसाचे व्यवहार वरकरणी सुरळीत दिसू शकतात, मात्र त्यासाठी त्याला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात. हे श्रम मोजण्याचे यंत्र नाही. ते ज्याचे त्यालाच सांगावे लागतात, आणि नेमके तेच सांगितले जात नाहीत.

बंगळुरातच वाढलेल्या अभिनेत्री दीपिका पदुकोण यांचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१३ साली त्यांचे चित्रपट एकामागून एक यशस्वी झाले होते. २०१४ च्या प्रारंभी त्यांना या आजाराने गाठले. काम चालूच होते, मुंबईस भेटीला आलेल्या आईवडिलांसमोर चेहराही हसरा होता. आईवडील बंगळुरास परत निघण्याच्या वेळी मात्र त्यांना रडू कोसळले, आणि हे रडणे नेहमीच्या कारणाचे नाही हे आईने ओळखले. पुढे समुपदेशनाबरोबर औषधेही घ्यावी लागली. २०१५ साली त्यांनी हे सर्व उघडपणे सांगितले आणि त्याच वर्षी या आजाराविषयी काम करणारी संस्था स्थापन केली. सांगण्यासारखे धाडस त्यांचे खरेच, पण पाहण्यासारखी नजर त्या आईची.

अशी नजर सर्वांच्या वाट्यास येत नाही. इंदिरानगरापासून काही मैलांवर, होसूर रस्त्यालगत, ‘निमहान्स’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तिने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य आलेले आढळले. नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंचाऐंशी उपचाराविना होते. यांतले कितीतरी जण डॉक्टरकडे जातात, नाही असे नाही. पण ते पाठदुखी सांगतात, डोकेदुखी सांगतात. रजेच्या अर्जात तर ‘ताप’ हाच शब्द सोयीचा. तापाची रजा कोणी अडवीत नाही, आणि तापामुळे बढतीच्या वेळी कुजबुजही होत नाही. लपविणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याने केलेला हिशेब अगदीच चुकीचा असतो असे नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागविण्याचा, विम्याचे संरक्षणही त्याच आधारावर देण्याचा दंडक घातला. कायद्याचे कलम कचेरीच्या दारापर्यंत पोहोचते. मेजाभोवतीच्या कुजबुजीपर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ लागणार.

आजार बरा होतो, हे मात्र निःशंकपणे सांगता येते. बोलण्यातून होणारे उपचार आहेत, औषधे आहेत. औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. त्याआधी कंटाळून, किंवा बरे वाटू लागताच आपल्याच मताने, ती सोडू नयेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, अहोरात्र, विनामूल्य, आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. पलीकडचा माणूस अनोळखी असतो, हीच येथे सोय. त्याच्यापुढे हसरा चेहरा ठेवावा लागत नाही. पहाटे तीनला जागा असलेल्या त्या गृहस्थाने हा क्रमांक फिरविला, तर तो आरंभी बहुधा एवढेच म्हणेल, की हल्ली झोप नीट लागत नाही.