उतरत्या वयाचा मल्ल



यात्रेच्या दिवसांत आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं कुस्त्यांचा फड भरला, कीं कडेला बसलेल्या मंडळींत एक वाद हटकून निघतो. लहान मुलांच्या नारळाच्या कुस्त्या आटोपतात, हलगीचा ठेका चढतो आणि शेवटच्या मोठ्या इनामाची जोड पुकारली जाते. एका बाजूस पस्तिशी ओलांडलेला नामांकित मल्ल. दुसऱ्या बाजूस विशी-बाविशींतला, ज्याच्या पाठीस अद्याप माती लागली नाहीं असा पोरगा. म्हातारा टिकेल काय, हाच तो वाद. (पस्तिशींत म्हातारा! आम्हां शाळामास्तरांची त्या वयांत नोकरी नुकती कायम होते.) मी स्वतः मल्ल नव्हे; कडेला बसणाऱ्यांपैकींच एक आहें. तथापि पुष्कळ फड पाहून या प्रश्नाविषयीं माझें कांहीं मत बनलें आहे, तें आज आपणांपुढें मांडतों.

वयानें माणसाचें बळ जातें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. मनगटाची पकड, मानेचा ताठा, अंगाचा भार कोठें टाकावा याचें ज्ञान, हें सर्व पुष्कळ दिवस टिकतें. आधीं जाते ती झेप, आणि तिच्याहून आधीं जातें तें दम परत मिळविण्याचें सामर्थ्य. तरुण मल्ल एक जोराची झटापट करून चार श्वासांत पुनः ताजा होतो; वयस्कास त्याच झटापटीनंतर दुप्पट वेळ लागतो. म्हणून अनुभवी मल्ल धावपळ करीत नाहीं. तो प्रतिस्पर्ध्यास खालीं घेतो, त्याच्यावर सवारी कसून बसतो आणि आपलें वजन त्याला वाहावयास लावतो. अजाण प्रेक्षक यास आळस म्हणतात.

मुष्टियुद्धांत हीच विद्या महंमद अलीनें जगास दाखविली. १९७४ सालीं किन्शासा येथें तो बत्तीस वर्षांचा होता आणि जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा. अलीनें दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, त्याला थकूं दिलें आणि आठव्या फेरींत लोळविलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९४ सालीं, त्याच फोरमननें वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरींत खालीं पाडून जगज्जेतेपद पुनः मिळविलें. तोंवर गुणांत तो मागें होता! परंतु हीं उदाहरणें सांगणारे लोक १९५१ सालचें जो लुई याचें उदाहरण सांगण्याचें टाळतात. सदतीस वर्षांच्या लुईनें रॉकी मार्सियानोशीं सामना घेतला तो कीर्तीसाठीं नव्हे. सरकारी कराचें देणें डोक्यावर होतें. आठव्या फेरींत तो दोरांच्या बाहेर फेंकला गेला.

आपल्याकडे दाखला देतात तो गामा पहिलवानाचा. १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें पन्नाशीस टेकलेल्या गामानें झिबिस्को या पोलिश मल्लास एका मिनिटाच्या आंत चीत केलें, हें खरें. पण झिबिस्कोहि त्याच्याच वयाचा होता, हें विसरतां कामा नये. याच झिबिस्कोनें १९१० सालीं लंडनमध्यें गामाला अडीच तास झुलविलें होतें. या दाखल्यावरून म्हाताऱ्यानें तरुणास जिंकलें असें सिद्ध होत नाहीं.

खरा भेद मला वेगळ्याच ठिकाणीं दिसतो. फडांतली कुस्ती एकच असते. मल्ल महिना-दोन महिने तयारी करतो, त्या एका जोडीचा विचार करतो, आणि निकाली कुस्तींत त्याला घाईहि नसते. अशा ठिकाणीं वयस्क मल्ल जिंकूं शकतो, आणि जिंकतोहि. स्पर्धेचें तसें नाहीं. तेथें थोड्या दिवसांत एकामागून एक कुस्त्या. प्रत्येक कुस्ती मध्यें अर्ध्या मिनिटाची विश्रांति धरून तीन-तीन मिनिटांची. शिवाय जो नुसता रोखून उभा राहील त्याला पंच ताकीद देतात आणि तीस सेकंदांत गुण मिळवावयास लावतात. वयस्क मल्लाचा जो एकमेव विसांवा, तोच नियमानें काढून घेतला आहे. पहिल्या दिवशीं तो जिंकेल. पण दुसऱ्या दिवसाची दुसरी कुस्ती त्याची नव्हे.

मग हे मल्ल वेळींच थांबत कां नाहींत? याचें उत्तर खुराकांत आहे. दूध, तूप, बदाम यांचा खर्च विजेत्यालाहि चुकत नाहीं आणि हरलेल्यालाहि नाहीं. मोठें इनाम मात्र नांवाला मिळतें. यात्रेचे पंच जुनें नांव पुकारून गर्दी जमवितात आणि त्या नांवाच्या धन्यास पोरासमोर उभा करतात. मला हा व्यवहार पसंत नाहीं. २०२३ च्या जानेवारींत हिंद केसरी व महाराष्ट्र केसरी मल्लांचें मानधन दरमहा १५,००० रुपये करण्याची घोषणा राज्य सरकारनें केली, ती म्हणूनच मोलाची. पण ज्यांना केसरीची गदा कधींच मिळाली नाहीं, असे मल्ल गांवोगांवीं किती तरी अधिक आहेत.

थांबावें कसें, याचा धडा याच मातींतला आहे. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे. लातूर जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला; तत्पूर्वीं तो तालुका आमच्याच, तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत होता. १९७७ सालीं बेळगांवीं त्यांनीं दिल्लीच्या सत्पालला हरविलें. सत्पाल त्यांच्याहून सुमारें पांच वर्षांनीं लहान आणि चढत्या कमानीचा. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत शंभर किलो गटाचें सुवर्णपदक पुढें त्यानेंच घेतलें. आखाड्यांतून निवृत्त झाल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत वस्ताद म्हणून बसले. सत्पालहि वस्तादच झाला; ऑलिंपिकमध्यें दोनदां पदक मिळविणारा सुशीलकुमार त्याचा शिष्य. बिराजदारांच्या हाताखालीं शिकलेल्या राहुल आवारेनें २०१८ सालीं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. तें पाहावयास वस्ताद नव्हते. २०११ सालींच ते निवर्तले होते.

२०२३ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा धाराशिव शहरांत भरली. अंतिम कुस्तींत २०२० चा केसरी हर्षवर्धन सदगीर आणि त्याच वर्षींच्या जानेवारींत केसरी झालेला शिवराज राक्षे समोरासमोर आले. राक्षे दहाच दिवसांपूर्वीं दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेंत फुलगांव येथें सिकंदर शेखकडून हरून आला होता. येथें त्यानें जुन्या केसरीवर मात केली. हे दोघेहि काका पवारांच्या तालमींत घडलेले, आणि काका पवार बिराजदारांचे शिष्य.