आकाशातल्या दोन होड्या

मी वसईतल्या होळीहून बोलतेय. आज जरा आकाशात जाऊया, पण सुरुवात आपल्या समुद्रापासूनच करते.

भर पाण्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीवर सामान द्यायचं असलं, तर काय करतात ते आपल्या कोळणींना विचारा. दोन्ही होड्या हलत असतात. घाई केली तर टक्कर, उशीर केला तर लांब. म्हणून अंदाज घेत हळूहळू जवळ यायचं.

हेच काम आपल्या इस्रोनं आकाशात केलं. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेट उडालं. त्यात प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह होते. एक पाठलाग करणारा, दुसरा ज्याला गाठायचं तो. मोहिमेचं नाव स्पेडेक्स. पृथ्वीपासून सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं फिरताना दोघांना जोडायचं होतं.

आता गंमत ऐका. पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवावा, असं आपल्याला वाटतं. पण तिथे वेग वाढवला की उपग्रह वरच्या, मोठ्या फेरीत जातो आणि मागेच पडतो. गाठायचं असेल तर आधी थोडं खाली उतरावं लागतं. खळ्यावर मळणीत आतल्या बैलाची फेरी छोटी असते ना, तसंच.

मग अंतर कळतं कसं? प्रकाशावरून. एका उपग्रहावरून लेझरचा किरण सोडतात. दुसऱ्यावर खास आरसे असतात, ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर रात्री गाडीच्या दिव्यात चमकतो, तोही याच तत्त्वावर. किरण परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. अगदी जवळ आल्यावर दुसरे सेन्सर जोडाची तोंडं समोरासमोर आहेत का, ते पाहतात.

जोडणी आधी ७ जानेवारीला ठरली होती, ती ९ तारखेवर गेली. मग उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकले, म्हणून पुन्हा थांबले. १२ जानेवारीला चाचणी म्हणून १५ मीटर, मग ३ मीटरपर्यंत जवळ आणले आणि परत मागे नेले. बाजारात कुणी म्हणालं, "फसलं वाटतं." मला मात्र वादळाची चाहूल लागताच होडी वळवणारा तांडेल आठवला. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही, कारण तो माणसं घरी आणतो.

शेवटी १६ जानेवारी २०२५ ला उपग्रह जोडले गेले. अखेरचा वेग होता सेकंदाला १० मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन फूट! अमेरिका, रशिया, चीननंतर हे जमवणारा भारत चौथा देश ठरला. पुढे चंद्रावरची माती आणायला आणि आपलं अंतराळ स्थानक उभारायला हीच कला लागणार आहे.

आणि एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. त्याच रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एका छोट्या पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले होते. चार दिवसांत त्यांना मोड आले!

तेव्हा गटात कधी एखादं काम पुढे ढकलायची वेळ आली, तर लगेच "जमलं नाही" म्हणू नका. नीट पाहून मागे सरणं हाही कामाचाच भाग असतो. आणि घरातली मुलगी रात्री आकाशाकडे बघत प्रश्न विचारू लागली, तर तिला हे दोन उपग्रह सांगा.